धाकटी उत्तर देत नाही

५ जून

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र कागदावर का, हे विचारू नकोस. आमच्या इथली ईमेल मीच सांभाळतो, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास नाही. फोनवर तू 'हो मामा, करते मामा' म्हणतेस आणि फोन ठेवला की विसरतेस. पण लहानपणी माझ्या वायरी, स्क्रू आणि मोडके की-बोर्ड पळवून तू उशीखाली साठवायचीस, ते माझ्या लक्षात आहे. हातात आलेली वस्तू तू टाकत नाहीस. म्हणून कागद.

आता काम. आमचा कारखाना दात बनवतो, हे तुला ठाऊक आहेच. दंतवैद्य त्यांच्या पेशंटांच्या तोंडाची मापं संगणकावरून पाठवतात, आम्ही त्यावरून दाढा आणि कवळ्या करून परत पाठवतो. ती मापं ज्या तीन सर्व्हरवर राहतात, ते माझ्या ताब्यात. खाली प्लॅस्टरची धूळ उडते, म्हणून ते पोटमाळ्यावर ठेवलेत. पोटमाळ्याला शिडी आहे आणि माझ्या गुडघ्यांनी आता हात टेकलेत. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. मालक म्हणाले, सर्व्हर बंद पडले तर दात बंद. दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

आजवर मी सगळं हातानं करत आलो. रोज सकाळी वर चढायचं, प्रत्येक सर्व्हरसमोर स्टूल ओढून बसायचं, काय हवं नको ते बघायचं. जागा भरली असेल तर साफसफाई करायची. नवीन काही बसवायचं असलं की तेच तिन्ही ठिकाणी टाइप करायचं, आणि तिसऱ्या ठिकाणी चुकायचं.

त्यांची नावं थोरली, मधली आणि धाकटी. आल्या त्या क्रमानं पडली. मधली बाहेरून आलेली मापं घेते, थोरली ती ठेवते आणि धाकटी सगळ्याची दुसरी प्रत जपते. याचा तुझ्या आईशी किंवा तुझ्या दोन मावश्यांशी काही एक संबंध नाही. उगाच तर्क लढवू नकोस.

तू असल्याच कामातली. खाली खुर्चीत बसून तिघींचं सगळं करता येईल, असं काही आहे का? मालक एक दमडी देणार नाहीत, तेव्हा फुकटातलं सांग.

तुझा
मामा

*

१३ जून

ती. मामास,
शिडी न चढता साष्टांग नमस्कार.

तुला तीन यंत्रं आली आणि तुझ्या तीन बहिणींना घरात ज्या नावांनी हाक मारतात, नेमकी तीच नावं त्यांना आपोआप पडली. माझं काही म्हणणं नाही.

तुला हवं ते आहे आणि फुकटही आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून बघावं, वापरावं, दुरुस्त करावं असं सॉफ्टवेअर. फुकट म्हणजे कमअस्सल असं समजू नकोस. माझी अख्खी नोकरी त्यावर चालते. त्यातलं एक साधन आहे, अ‍ॅन्सिबल. आपण एका साध्या फाइलमध्ये लिहायचं की यंत्र कसं असायला हवं: एवढी जागा मोकळी हवी, अमुक गोष्ट चालू हवी, तमुक दार बंद हवं. मग ते प्रत्येकीकडे जाऊन बघतं, लिहिल्याप्रमाणे आहे का? नसेल तर तसं करतं. असेल तर कशाला हात लावत नाही आणि परत येऊन सांगतं की बदल काही नाही. दुसरं एक साधन फक्त पहारा करतं. तिघींना अधूनमधून हाक मारतं आणि कुणी ओ दिली नाही, तर तुला कळवतं.

हे सगळं मी इथे बसून लावू शकते. तू फक्त एकदा, शेवटचं, वर चढ आणि मी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय तेवढं टाइप कर. तीन ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी सावकाश.

आता यंत्रांचं सोडून. खऱ्या धाकटीचं काय? आजी गेल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. मावशी मला भेटते तेव्हा 'तुझे मामा कसे आहेत' असं विचारते. 'दादा' म्हणत नाही. ऐकायला बरं वाटत नाही, मामा.

तुझी
खारूताई

*

२० जून

चि. खारूताई हिस,
आशीर्वाद.

अनसूयेबद्दल वाचलं. तू लिहिलेलं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी तिला अनसूया म्हणतो. सगळं ठीक असेल तर कशाला हात लावत नाही, असं कुणीतरी आमच्या कारखान्यात यावं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

वर चढलो, टाइप केलं, उतरलो. तिसऱ्या ठिकाणी चुकलो, पण सुधारलं.

निरोपांबद्दल माझ्या अटी. एक तर ते मराठीत हवेत. चष्मा शोधून इंग्रजी वाचेपर्यंत यंत्र गार पडेल. दुसरं, ते माझ्या नावानं यावेत. इथे शिपायापासून मालकापर्यंत सगळे मला दादाच म्हणतात, तेव्हा 'दादा' असं नाव दे. भलतंच नाव दिसलं तर मालक विचारतील, हा कोण नवा माणूस ठेवला आणि त्याला पगार कोण देतं. तिसरं, कारखान्याच्या फोनवर नकोत. घरी यावेत. आणि तीन हाका मारून झाल्या की पुरे. मग ते यंत्र गेलं असं धरावं आणि गप्प बसावं.

तू दुसरं जे विचारलंस त्याचं उत्तरही हेच आहे. आई शेवटच्या घटका मोजत होती, त्या सकाळी मी तुझ्या धाकट्या मावशीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वाजून वाजून थांबला. तीन हाकांना जो ओ देत नाही, त्याला द्यायची नसते. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणाली, मला बोलावलं नाहीस. मी म्हणालो, तीनदा बोलावलं. तर म्हणते, 'तीनदाच?' त्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तुझा
मामा

*

२८ जून

ती. मामास,
सा. न.

तुझ्या अटी पाळल्या, एक सोडून.

सोबत एक फोन नंबर लिहिलाय. तो तुझ्या फोनमध्ये 'दादा' या नावानंच दिसेल, दचकू नकोस. मेसेजसाठी 'घर' नावाचा एक नवा गट कर, त्यात तू एकटा राहा आणि या नंबरला आत घे. रोज सकाळी अनसूया तिघींकडे जाऊन आली की खुशाली तिथे येईल.

पाळली नाही ती अट तीन हाकांची. मामा, यंत्र तीनदा गप्प राहिलं म्हणजे मेलं असं नसतं. कामात असतं, मधली वाट अडलेली असते, काहीही असतं. म्हणून मी मर्यादाच काढून टाकली. ओ येईपर्यंत दर दहा मिनिटांनी हाक. पहारेकऱ्याला ना राग येत, ना अपमान वाटत. चौथ्यांदा विचारण्यात त्याचं काही जात नाही.

हे फक्त यंत्रांबद्दल लिहिलंय. उगाच तर्क लढवू नकोस.

धाकटीकडे सगळ्यांच्या प्रती आहेत, तेव्हा तिला जरा जास्त कडक ठेवणार आहे. अनोळखी कुणी हाक मारली तर तिनं ओ द्यायचीच नाही. ते महिन्याभरात लावते.

तुझी
खारूताई

*

७ जुलै

चि. खारूताई हिस,
आशीर्वाद.

चालू झालं. 'घर' नावाचा गट करायला गेलो तर तो आधीच केलेला होता. मीच केव्हातरी केला असणार. आयतीच सोय झाली. तू दिलेल्या नंबराला त्यात घेतलं.

रोज सकाळी चहा होतो न होतो तोच निरोप येतो: 'अनसूया तिघींकडे जाऊन आली. थोरली ठीक. मधली ठीक. धाकटी ठीक. बदल काही नाही.' मी तो दोनदा वाचतो. उगाच कशाला खोटं बोलू, बरं वाटतं. पोटमाळ्यावर चढून जे कळायचं ते खुर्चीत कळतं. प्लॅस्टरवाला म्हणाला, दादा, तुमचा चेहरा हल्ली पेशंटासारखा दिसत नाही.

मधे 'थोरली हळू चालते आहे, वयोमानाप्रमाणे बदलण्याचा विचार करावा' असा निरोप आला. तुझं मराठी चांगलं आहे. त्याच दिवशी योगायोगानं तुझ्या थोरल्या मावशीचा फोन आला. आवाज चढलेला. म्हणाली, मी अजून रोज सकाळी तलावाला दोन फेऱ्या मारते. मी म्हणालो, छान. तिनं फोन आपटला. वय झालं की माणसं अशी कारणाशिवाय तापतात.

एक दुरुस्ती सुचवतो. परवाच्या निरोपाखाली थोरलीनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. यंत्रानं यंत्रासारखं राहावं. असली सलगी नको.

तुझा
मामा

*

१६ जुलै

ती. मामास,
सा. न.

यंत्र चित्रं पाठवत नाही. तुझ्या फोनमध्येच काहीतरी गडबड असेल, सवडीनं बघू.

मला आनंद कशाचा झाला ते सांगते. आईचा फोन आला होता. म्हणाली, दादा हल्ली फार बदलला. रोज सकाळी तिघी बहिणींची चौकशी करतो. मला कणकण होती तर त्याला लांबूनच कळलं, 'मधलीचं तापमान वाढलंय, लक्ष द्या' असा निरोप पाठवला. तू इतक्या वर्षांनी बहिणींची विचारपूस करायला लागलास, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस! छुपा रुस्तम आहेस.

पण आईच्या डोक्यात एक भलतंच बसलंय. तिनं आवाज खाली आणून विचारलं, 'ही अनसूया कोण? दादाच्या घरी असते का?' तू तिच्याजवळ अनसूयेचं नाव काढलंस वाटतं. मी म्हटलं, अगं आई, अनसूया म्हणजे बाई नाही, साधन आहे. तर ती म्हणाली, 'आधी अनसूया, आता साधना. या वयात.' मी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, तू लहान आहेस, तुला नाही कळायचं.

धाकटीचा कडक बंदोबस्त आजच लावला. आता अनोळखी माणसानं कितीही हाका मारल्या तरी ती तोंड उघडणार नाही.

तुझी
खारूताई

*

२३ जुलै

चि. खारूताई हिस,

आशीर्वाद वगैरे. तुझ्या पत्रातलं एक अक्षर मला कळलं नाही. मी कुणाचीही चौकशी केलेली नाही. पण ते राहू दे.

धाकटी उत्तर देत नाही.

तुझं पत्र यायच्या आधीपासून हे चाललंय. फोन सारखा वाजतो. 'धाकटी उत्तर देत नाही. पुन्हा हाक मारत आहे.' दहा मिनिटांनी पुन्हा तेच. जेवताना, दाढी करताना, मालकांशी बोलताना. मालक म्हणाले, कोण धाकटी? मी म्हणालो, आहे एक. ते म्हणाले, मग उत्तर का देत नाही? मी म्हणालो, तेच बघतोय.

तिच्याकडे सगळ्यांच्या प्रती आहेत, खारे. थोरलीला उद्या काही झालं, तर एवढ्या माणसांचे जबडे पुन्हा आणायचे कुठून? शेवटी डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडले आणि शिडी चढलो. प्रत्येक पायरीला गुडघा बोलत होता. वर बघतो तर धाकटीचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकतोय. पंखा चालू. पाठीवर हात ठेवून पाहिला, नेहमीसारखी कोमट. काही झालेलं नाही. आणि खिशात फोन वाजतो, धाकटी उत्तर देत नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, 'अगं, ओ दे ना!' जरा मोठ्यानं निघालं असावं. खालून प्लॅस्टरवाल्यानं विचारलं, दादा, वर कोण आहे?

लवकर काहीतरी कर. मला हे बघवत नाही.

मामा

*

२४ जुलै

चि. खारूताई हिस,

धाकटी आली आहे.

यंत्र नव्हे.

मामा

*

३० जुलै

ती. मामास,
सा. न.

तुझी दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. मी खुर्चीत बसून वाचली आणि मग खुर्चीतच बसून राहिले.

आधी यंत्राचं. धाकटीला काहीच झालेलं नव्हतं. मीच तिला सांगून ठेवलं होतं की अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही, आणि ओळखीच्यांच्या नावांत पहारेकऱ्याचं नाव घालायला विसरले. तो बिचारा हाका मारत राहिला, आणि ती ऐकू येऊनही गप्प राहिली, कारण तिला तसं सांगितलं होतं. माझ्या हाकेला ती ओ देत होती, म्हणून मला इकडून सगळं ठणठणीत दिसत होतं. एका ओळीचं काम होतं. केलं. तुझा फोन एव्हाना गप्प झाला असेल.

आता दुसरं. काल आईला फोन करून विचारलं, दादाचे निरोप तुला नक्की येतात कुठे? म्हणाली, आमच्या 'घर'च्या गटात. आजी आजारी असताना दादानं केला होता ना, त्यात. आम्ही तिघी नि तो. आजी गेल्यापासून त्यात कुणी काही लिहीत नव्हतं.

मामा, तो आयता मिळालेला गट तुझा एकट्याचा नव्हता. इतके दिवस थोरली, मधली, धाकटी यांच्याबद्दलचा प्रत्येक निरोप थोरल्या मावशीला, आईला आणि धाकट्या मावशीला जात होता. तोही 'दादा' या नावानं. थोरल्या मावशीला तिचं वय झाल्याचं तू कळवलंस. आईला योगायोगानं खराच ताप होता. आणि धाकट्या मावशीला त्या सगळ्या दिवसांत दर दहा मिनिटांनी काय येत होतं, ते तुला माहीत आहे.

ती तिथे आहे अजून? तिला काय वाटलं, काय म्हणाली? तू तिला खरं सांगितलंस का? मी सांगू का? चूक माझी आहे, ओरडा मी खाईन. पण मला भीती वाटते, मामा. आता कुठे ती आली, आणि आपण जाऊन सांगायचं की बाई, तुला कुणी बोलावलंच नव्हतं?

तुझी
खारूताई

*

९ ऑगस्ट

चि. खारूताई हिस,
आशीर्वाद.

फोन गप्प झाला, त्याला बरेच दिवस झाले. तुझं पत्र पोचलं तेव्हा ती आदल्याच दिवशी परत गेली होती. आता झालं ते क्रमानं सांगतो, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल.

त्या दिवशी मी पोटमाळ्यावरून उतरून कसाबसा घरी आलो. गुडघ्याला पट्टा बांधत होतो तर दार वाजलं. उघडलं तर ही. खांद्यावर पिशवी, केस अर्धे पांढरे झालेले, ते मला ठाऊक नव्हतं. बूटही काढले नाहीत, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, 'किती हाका मारणार आहेस?'

मला वाटलं, यंत्राबद्दलच विचारते आहे. तिला कसं कळलं, हे सुचायचा अवकाश नव्हता, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, 'ओ येईपर्यंत.'

त्यावर ती चपलांच्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मी पाणी आणलं. पट्टा अर्धाच बांधलेला होता, तो मागे लोंबत होता, त्यात अडखळलो. अर्धं पाणी तिच्या अंगावर. मग ती हसायला लागली. मग मला काय झालं कोण जाणे, मीही तिथेच जमिनीवर बसलो. बसलो खरा, पण उठता येईना. तिनं ओढून उठवलं.

तुला माहीत आहे, ती दवाखान्यात त्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रावर काम करते. त्या खोलीत फोन नेता येत नाही, बाहेर कपाटात ठेवावा लागतो. मलाही माहीत होतं. आई गेली त्या सकाळी ती बाहेर आली तेव्हा माझे तीन फोन येऊन गेलेले तिला दिसले. तिला वाटलं, तसंच महत्त्वाचं असेल तर दादा पुन्हा करेल. आणि ती पुढच्या पेशंटला घेऊन आत गेली. मी म्हणालो, मला वाटलं, तू पाहून सोडून दिलास. ती म्हणाली, 'पाहून ठेवला होता. पुन्हा वाजेल म्हणून ठेवला होता.'

एवढंच होतं, खारे. इतकी वर्षं एवढ्यावर गेली.

ती आठवडाभराहून जास्त राहिली. माझी औषधं लावली, शिडीला कुलूप घालायला लावलं, प्लॅस्टरवाल्याला किल्ली दिली आणि दम भरला. आम्ही आईबद्दल बोललो. मी इतकं बोललो की घसा बसला.

आणि मग तुझं पत्र. वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे मी तिला तीनदाच बोलावलं, ते तेव्हा. आताच्या सगळ्या हाका अनसूयेच्या, नाहीतर तुझ्या त्या पहारेकऱ्याच्या. मी मारल्याच नाहीत आणि त्यांवर माझं नाव आहे. मी पुन्हा हाक मारली म्हणून ती आली, आणि मी तर मारलीच नव्हती. मला लाज वाटते. आणि भीती तुझ्याइतकीच वाटते.

तू तिला काही सांगू नकोस. मी लिहितो. कारखान्यातल्या कुणाला चुकीचा दात गेला, तर तो मी परत मागवतो, बसला असला तरी. इथेही तेच केलं पाहिजे. मग ती पुन्हा बोलायची बंद झाली तर झाली.

गटाचं सध्या काही करू नकोस. तिचं उत्तर आल्यावर बघू. आलं तर.

तुझा
मामा

*

१ सप्टेंबर

चि. खारूताईस,
गोड पापा.

तुझ्या मामाचं पत्र आलं. चार पानं. पहिली तीन सर्व्हर म्हणजे काय हे समजावण्यात गेलीत. चौथ्यावर माफी. त्याला उत्तर पाठवलंय, आणि तूही काळजीनं नखं खात बसली असशील म्हणून तुलाही लिहिते.

मला कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात. 'सगळ्यांच्या प्रती ठेवून धाकटीची नव्वद टक्के जागा भरली आहे' असा निरोप आला, तेव्हा मी आधी पोटाकडे पाहिलं आणि मग विचार केला. दिवसभर यंत्रापाशी उभं राहणारी बाई मी, ते कसं बोलतं ते मला कळतं. शिवाय दादा आयुष्यात कधी वेळेवर काही करत नाही, आणि हे निरोप घड्याळ लावल्यासारखे. थोरलीला आणि तुझ्या आईला मी काही सांगितलं नाही. दादा सुधारला म्हणून दोघी खूश आहेत. तुझी आई अनसूयेला एकदा बघायचं म्हणते.

मग गेले का? ते सांगायला बसले खरी, पण मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. एके दिवशी काम संपवून कपाट उघडलं, तर फोनवर वरपासून खालपर्यंत एकच ओळ. धाकटी उत्तर देत नाही, पुन्हा हाक मारत आहे. यंत्राचं काम आहे हे ठाऊक असूनही मी त्या सगळ्या वाचल्या. एकेक करून. त्या कपाटासमोर उभी राहून मी रडले. पुढचा पेशंट मला विचारायला लागला, ताई, माझा रिपोर्ट वाईट आहे का?

आणि मग राग आला. ज्याला माझं तोंड बघायचं नव्हतं, त्यानं यंत्राला माझं नाव द्यावं, सगळ्यांच्या प्रती तिच्याकडे जपायला द्याव्यात, ती बोलते की नाही यावर पहारा बसवावा, आणि मला एका शब्दानं कळवू नये? तेच विचारायला गेले होते. दारात तो पट्टा लोंबवत उभा राहिला आणि भलतंच विचारलं गेलं.

तेव्हा गट आहे तसाच राहू दे. अनसूयेलाही राहू दे. सकाळी तिचा निरोप आला की त्याच्याखाली मी रोज 'आहे' असं लिहिते. यंत्राला त्याची गरज नाही, मला माहीत आहे. आता थोरलीही लिहायला लागली आहे. तुझी आई फुलांची चित्रं टाकते. दादा काही लिहीत नाही.

परवा मात्र एक पेशंट आतच घाबरला. त्याला शांत करून बाहेर काढेपर्यंत फार वेळ गेला, आणि माझं सकाळचं 'आहे' राहून गेलं. कपाट उघडलं तर दादाचे तीन फोन येऊन गेलेले. ती सकाळच परत आल्यासारखं झालं. तशीच फोन हातात धरून उभी होते, तेवढ्यात तो पुन्हा वाजला.

'काय झालं रे दादा?'

'काही नाही,' तो म्हणाला. 'तू उत्तर देत नव्हतीस.'

मी म्हटलं, 'आहे.'

'बरं,' म्हणाला आणि ठेवला.

तुझी
धाकटी मावशी